इंजिनाचा ताप आणि तापाचा काटा



बैलाला काटा लागत नाही. औताचा बैल तापला, की त्याच्या तोंडाला फेस येतो, जीभ बाहेर लोंबते, बरगड्या भात्यासारख्या हलू लागतात. कास्तकार ते पाहतो, जू उतरवतो आणि जनावराला बाभळीच्या सावलीत नेतो. त्यासाठी त्याला कोणी पुस्तक शिकवलेले नसते. इंजिनाचे मात्र तसे नाही. इंजीन हे बैलाहूनही मुके जनावर आहे. ते आतून पेटत असते आणि आपण वर गादीवर बसून गप्पा मारत असतो. त्याचा ताप आपल्याला वेळेवर कळावा म्हणून एक लहानसा काटा गाडीत बसवता येतो. त्या काट्याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो, मिस्त्री नव्हे. तेव्हा हा माणूस यंत्रावर काय बोलणार, असे कोणाच्या मनात आले, तर त्यात वावगे काही नाही. परंतु हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही, दुसऱ्याच्या अंगावर बेतल्यावर शिकलो. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

२०१८ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी एक जुनी, दुसऱ्याने वापरलेली छोटी मोटार घेतली होती. वडिलांना गावाहून अमरावतीला डॉक्टरांकडे आणायचे होते. त्यांना दम्याचा त्रास. आमचे गाव दर्यापूरच्या पलीकडे. सकाळी निघायचे ते, घरोघरी होते तसे, चहा आणि निरोपानिरोपी करता करता अकरा वाजले. वऱ्हाडातला मे महिना म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. अकोला आणि अमरावती ही नावे त्या दिवसांत वर्तमानपत्रात कोणत्या रकान्यात येतात ते आपण सारे जाणतो. पारा पंचेचाळिसाच्या घरात, गाडीत चार माणसे, वातानुकूलन चालू आणि समोरून झळा.

माझ्या गाडीत तापमानाचा काटा नव्हता. नुसते दोन दिवे होते. इंजीन थंड असले की निळा लागे आणि फार तापले की लाल. निम्मा रस्ता गेल्यावर लाल दिवा लागला. मी तो पाहिला. खोटे कशाला सांगू, मी तो चांगला पाहिला. पण पुढे दोन-तीन किलोमीटरवर एक कडुनिंबाचे झाड आणि चहाचे दुकान आहे हे मला ठाऊक होते. वडिलांना उन्हात कशाला बसवायचे, तिथवर जाऊ आणि थांबू, असा मी विचार केला. झाडापाशी पोचलो तेव्हा समोरच्या पत्र्याखालून पांढरी वाफ निघत होती.

शेजारच्या वावरातून सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा पाण्याची कॅन घेऊन धावत आला. "काहून थांबले भाऊ? लय तापली काय? थांबा, मी पानी टाकतो," असे म्हणत त्याने खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. मी वडिलांना उतरवत होतो. त्याला 'थांब' म्हणायला हवे होते, म्हटले नाही. खरे म्हणजे म्हणायला हवे, हेच मला ठाऊक नव्हते. झाकण उडाले आणि उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या हातावर व मानेवर आला.

मुलगा वाचला. दोन-तीन महिने त्याची जखम चालली, आणि उजव्या हातावरचा डाग आजही आहे. त्याच्या औषधपाण्याचे मी पाहिले, पण पैशाने डाग जात नाही. इंजिनाचेही नुकसान झाले. हेड उतरवावे लागले, गॅस्केट जळलेले निघाले, हेडला फेसिंग करावे लागले. तो खर्च मी आता विसरलो आहे. डाग विसरलो नाही.

आमचे मिस्त्री वयाने मोठे आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "सर, लाल दिवा म्हंजे पंचनामा हाय. जे व्हायचं ते होऊन गेल्यावर लिहितेत तो. तुमाले काटा पाह्यजे. काटा म्हंजे आगोदरचा सांगावा." या एका वाक्यात सगळा विषय आला. पुष्कळ गाड्यांत लाल दिवा लागतो तो इंजीन धोक्याच्या तापमानाला पोचल्यावर. ९० अंशांवरून ते ९८ वर गेले, मग १०४ वर गेले, हा मधला प्रवास दिवा सांगत नाही. काही गाड्यांत कारखान्याचा काटा असतो, पण तोही मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मधोमध उभा राहतो आणि मग एकाएकी उडी मारतो. म्हणून अंशांचे आकडे दाखवणारे वेगळे मीटर बसवणे हिताचे.

आता इंजीन तापते कसे, ते पाहू. जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेचा मोठा भाग चाकांपर्यंत पोचतच नाही. काही धुराबरोबर जातो आणि काही इंजिनाच्या धातूत शिरतो. ती उष्णता पाणी उचलते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते, आणि पंख्याचा व धावण्याचा वारा ती घेऊन जातो. इंजीन थंड असताना पाणी आतल्या आत फिरावे म्हणून वाटेत एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. ती साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागते. रेडिएटरचे झाकण म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी. ते आतला दाब वाढवते, म्हणून आतले पाणी १०० अंशांना न उकळता ११५ ते १२० अंशांपर्यंत टिकते. गरम इंजिनाचे झाकण का उघडू नये, ते आता तुमच्या लक्षात येईल. आत ११० अंशांचे पाणी आहे. दाब आहे तोवर ते पाणी राहते. झाकण सुटले की दाब जातो आणि त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. शिटी न काढता कुकर उघडणारी बाई आपल्या घरात आपण पाहिली नाही. मग गाडीच्या बाबतीत आपण ते धाडस का करतो?

माझी गाडी मात्र केवळ उन्हाने तापली नव्हती. चाचांनी रेडिएटर कापून दाखवला. नळ्यांत पांढरट खडूसारखा थर बसला होता. इथे माझा भूगोल कामाला आला. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा जो खारपाणपट्टा आहे, त्यात आमचे गाव येते. तिथल्या बोअरचे पाणी माणसाच्या तोंडी लागत नाही, पिकाला मानवत नाही. तेच पाणी आम्ही वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतत होतो! क्षाराचा थर उष्णता अडवतो आणि मीठ धातूला खाते. जे पाणी आपण बैलाला पाजताना विचार करतो, ते इंजिनाला डोळे मिटून पाजतो. म्हणून बांधवांनो, रेडिएटरमध्ये कूलंट आणि शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरचे पाणी फक्त अडल्या वेळी, घरी पोचण्यापुरते. मग ते काढून टाका.

आता काट्याकडे येऊ. ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास हॅरिसन बॉईस यांनी 'मोटोमीटर' नावाचा तापमापक काढला. तो रेडिएटरच्या झाकणावरच उभा असे आणि चालकाला आपल्या जागेवरून काचेतून दिसे. पुढे हा तापमापक मोटारीच्या आत, चालकाच्या समोरच्या फळीवर आला.

आज बाजारात दोन जाती मिळतात. पहिली यांत्रिक. तिच्यात एक पितळी बोंडूक, त्याला जोडलेली तांब्याची केसासारखी बारीक नळी आणि टोकाला तबकडी असते. बोंडकातले उडून जाणारे द्रव्य तापले की त्याचा दाब वाढतो आणि तबकडीतली वाकडी नळी सरळ होऊ पाहते, काटा फिरतो. या वाकड्या नळीचा शोध फ्रान्सच्या युजेन बूर्दों यांचा. त्यांनी १८४९ साली तिचे पेटंट घेतले. या जातीला वीज लागत नाही, म्हणून जुन्या ट्रॅक्टरला आणि डिझेल इंजिनाला ती बरी. मात्र ती नळी कापू नये, मुरगळू नये. नळी मोडली की मीटर गेले.

दुसरी जात विजेची. तिच्या सेन्सरमध्ये असा पदार्थ असतो, की तो तापला म्हणजे विजेला कमी अडवतो. पदार्थाचा हा गुण मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली चांदीच्या एका संयुगात पाहिला होता. मोटारीला ही जात सोयीची, कारण इंजिनापासून आत फक्त एक तार आणायची असते. सेन्सर आणि मीटर मात्र एकाच जोडीचे घ्यावे. एकाचे मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर म्हणजे सोयरीक न जुळलेले लग्न. काटा हलतो, पण खरे सांगत नाही.

बसवताना काय काय केले, ते क्रमाने सांगतो. काम सकाळी, इंजीन रात्रभर थंड झालेले असताना घ्यावे. बॅटरीची ऋण तार सोडावी. मग रेडिएटरमधले थोडे पाणी खाली भांड्यात काढावे. वरची होज नळी रिकामी होण्यापुरते पुरे. हे पाणी अंगणात ओतू नका. कूलंट चवीला गोड आणि पोटात विष असते. कुत्रे, वासरू, खेळते मूल कोणीही त्याला तोंड लावील. भांडे झाकून उंचावर ठेवा.

गाडीचा मूळचा सेन्सर काढून त्याच्या जागी नवा बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पंखा आणि इंजिनाचा संगणक त्या जुन्या सेन्सरच्या जिवावर चालतात. त्याऐवजी इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारी वरची होज नळी कापून तिच्यात धातूचा एक जोड बसवतात. त्या जोडाला सेन्सरसाठी आट्यांचे भोक असते. होजचा आतला व्यास आधी मोजून मगच जोड विकत घ्या. दोन मिलिमीटरचा फरकही गळती करतो. जोड दोन्ही बाजूंनी क्लिपांनी आवळावा. सेन्सरच्या आट्यांना टेप गुंडाळायचीच असेल, तर अगदी थोडी. एकाच तारेचा सेन्सर आपली परतीची वीज आट्यांतूनच जोडाला देतो. शिवाय जोड दोन्हीकडून रबरात अडकलेला असतो, म्हणून त्याला वेगळी तार लावून ती गाडीच्या अंगाला, रंग खरवडून, घट्ट बसवावी लागते. ही अर्थिंग राहिली की काटा मेल्यासारखा पडून राहतो, आणि माणूस मीटर विकणाऱ्याला शिव्या देतो.

आत येणारी तार पत्र्याच्या भोकातून न्यायची, तर भोकाला रबरी कडे हवेच. नाहीतर पत्र्याची धार तार कापते, आणि तापाचा काटा बसवायला जाऊन आगीचे कारण बसवले असे होते. मीटरला वीज चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या तारेवरून, मध्ये लहान फ्यूज घालून द्यावी. मीटर अशा जागी बसवा, की रस्त्यावरची नजर फारशी न हलवता ते दिसेल.

शेवटी कूलंट भरून नळ्यांतली हवा काढायची. झाकण उघडे ठेवून थंड इंजीन सुरू करायचे, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, बुडबुडे येत राहतील तसे कूलंट घालत जायचे आणि ते गरम होऊन वर चढू लागले की झाकण बंद करायचे. हवा राहिली तर सेन्सर पाण्यात नव्हे, हवेत बसतो आणि खोटा आकडा देतो. वरच्या नळीतल्या सेन्सरचे आणखी एक लक्षण सांगतो. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत त्या नळीत गरम पाणी फारसे येत नाही, म्हणून आरंभी काटा खालीच राहतो आणि मग एकदम चढतो. त्याने घाबरू नये.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. मीटर गाडीत बसवण्याआधी ते वर्गात न्या. पातेल्यात पाणी, पाण्यात सेन्सरचे टोक, शेजारी प्रयोगशाळेतला तापमापक आणि बारा व्होल्टची बॅटरी, एवढेच साहित्य लागते. बॅटरीच्या धन टोकाची तार मीटरला, मीटरची तार सेन्सरच्या टोकाला, आणि सेन्सरच्या आट्यांपासून एक तार ऋण टोकाला. मीटरची ऋण तारही तिथेच. पाणी तापवत दर दहा अंशांना दोन्ही आकडे मुलांकडून लिहून घ्या. मीटर किती खोटे बोलते ते कळेल, आणि आलेख कागदावरून जीवनात येईल. पाणी उकळेल तेव्हा मुले विचारतील, सर, शंभर का झाले नाहीत? तेव्हा सांगा, की साधारण दर तीनशे मीटर उंचीला उकळण्याचे तापमान एका अंशाने उतरते. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर, म्हणून इथे ९९ च्या आसपास. चिखलदऱ्याला, अकराशे मीटरवर, ते ९६ च्या जवळपास येईल. घाटात गाडी दमते, आणि तिथेच पाणीही लवकर उकळते, हा दुहेरी मार त्यातून समजेल.

काटा बसला, आता तो वाचायचा कसा? माझ्या गाडीत सपाट रस्त्यावर तो ८५ ते ९५ च्या दरम्यान असतो. प्रत्येक गाडीचा आपला स्वभाव असतो. पहिले पंधरा दिवस आकडे पाहून तो ओळखून ठेवा. त्यापेक्षा काटा आठ-दहा अंश वर चालला, की वातानुकूलन बंद करा आणि वेग कमी करा. हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हीटर म्हटल्यावर घरचे हसतील, पण तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे. काटा तरीही चढत ११० कडे निघाला, तर सावली शोधत बसू नका. कडेला घ्या, इंजीन बंद करा, माणसांना खाली उतरवा. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातू तडकतो.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचे. चढत चाललेला काटा एकाएकी खाली पडला, तर गाडी थंड झाली असे समजू नका. नळी फुटून पाणी निघून गेले असेल, तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटेच शांत होतो. वाफ, गोडसर वास, आवाजातला बदल यांच्याकडेही लक्ष हवे. काटा माणसाला सावध करतो, माणसाच्या जागी बसत नाही.

नव्या गाड्यांच्या मालकांना एक सोय आहे. बहुतेक नव्या गाड्यांत चालकाच्या पायांवर, फळीखाली एक जोडणीची जागा असते. तिच्यात लहानसे वाचक-यंत्र बसवले, की इंजिनाच्या संगणकाला दिसणारे तापमान आकड्यांत दिसते. नळी कापावी लागत नाही. ट्रॅक्टरवाल्यांच्या तबकडीत तर काटा पहिल्यापासूनच असतो. मात्र तो बंद पडला की आपण त्याकडे पाहणे सोडतो. सोडू नका. दुरुस्तीला लागणारे पैसे एका टाकीभर तेलाहून कमीच असतील.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती–अकोला महामार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, आपला पाय जड झाला. परंतु रस्ता सुधारला म्हणून ऊन काही कमी झालेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात वडिलांना चिखलदऱ्याची थंड हवा दाखवायला नेले. परतवाडा सोडून धामणगाव गढीच्या बाजूने चढ लागला. बरोबर तो मुलगाही होता. आता तो मुलगा राहिला नाही, स्वतः ट्रॅक्टर चालवतो. तो पुढे, माझ्या शेजारी बसला होता. घाट अर्धा झाला आणि काटा शंभराच्या पुढे गेला. मी बोलण्याच्या नादात होतो. त्याने तबकडीकडे बोट केले. त्या हाताची बाही वर सरकलेली होती. "सर, एकशेतीन झाले. घ्या ना बाजूले, घाई काय हाय?"

मी गाडी सावलीला घेतली. झाकणाला कोणी हात लावला नाही. मागे बाबांनी डब्यातली भाकरी सोडली. वीस मिनिटांत काटा नव्वदावर आला आणि आम्ही पुढे निघालो.